राणी माझ्या हातून मेली

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. हो, चावतात. शास्त्राप्रमाणे म्हणायचं तर डंख मारतात, पण बत्तीस वर्षं मी लोकांना हा फरक समजावून सांगितला आणि बत्तीस वर्षं लोक 'चावल्या का हो?' असंच विचारत राहिले. शेवटी मीच हात टेकले. दुसरा प्रश्नही ठरलेला असतो: अस्सल मध कसा ओळखायचा? काडी पेटवून बघा, कागदावर थेंब टाका, कुत्र्यापुढे ठेवा, अशा परीक्षा वऱ्हाडात घरोघरी चालतात आणि साखरेचा पाक त्या सगळ्या पहिल्या वर्गात पास होतो. मला विचाराल तर मध ओळखायच्या भानगडीत पडू नये, मधवाला ओळखीचा असावा.

माझं पद मधुक्षेत्रिक. सरकारदरबारी या पदाला मान होता की नाही ठाऊक नाही, सोयरिकीच्या बाजारात मात्र नव्हता. माझ्या सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारलं, "पोरगा करते काय?" मध्यस्थ म्हणाला, "माशा पाह्यते." सासरे म्हणाले, "मंग आमच्या धाकट्यात अन् त्याच्यात फरक काय? तोबी घरी बसून तेच करते." तरी मुलगी दिली, हे त्यांचे उपकार. पुढे त्यांच्याच शेवग्याखाली मी एक पेटी ठेवली, तेव्हा ते रोज खुर्ची टाकून पेटीसमोर बसायला लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमच्या जावयाचं खातं' म्हणून दाखवायला लागले.

काम असं होतं. ज्यांनी आमच्या प्रशिक्षणातून मधपेट्या नेल्या, त्यांच्या परसात, गच्चीवर, बांधावर जाऊन त्या उघडायच्या, माशांची तब्येत पाहायची आणि पुढे काय करायचं ते सांगायचं. हद्द अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्हे. वाहन एक जुनी मोपेड. पिशवीत धुराडं, जाळीची टोपी, चौकटी उचकटायची पटाशी आणि बायकोने दिलेला डबा. सगळं एकाच पिशवीत, त्यामुळे माझ्या पोळीला बत्तीस वर्षं गोवरीच्या धुराचा वास होता. निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवशी घरात ताटावर बसून जेवलो, तर घास गोड लागेना. बायको म्हणाली, गॅसवर धरून देऊ का थोडी?

ज्यांनी पेटी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सातेरी ही आपली देशी माशी, झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या पोकळीत राहणारी. पेटी म्हणजे आपण तिच्यासाठी केलेली लाकडी ढोली. आत सात-आठ चौकटी उभ्या टांगलेल्या असतात, कपाटात फायली लावतात तशा, आणि प्रत्येक चौकटीत मेणाचं पोळं. खालच्या मजल्यावर राणी अंडी घालते, वरच्या मजल्यावर मध साठतो. राणी एकच. ती मेली तर कामकरी माशा, ज्या सगळ्या माद्याच असतात, एखाद्या कोवळ्या अळीला खास खाऊ घालून नवी राणी तयार करतात. मात्र ही नवी राणी एकदा बाहेर उडून, नरांना भेटून परत आली तरच घर पुढे चालतं. नर नसतील, किंवा ती परत आलीच नाही, तर महिन्या-दीड महिन्यात पेटी रिकामी होते. याला एकच उपाय असतो: वेळेवर दुसऱ्या पेटीतून अंडी-अळ्यांची एक चौकट आणून देणं. म्हणजे त्यांना आणखी एक संधी मिळते.

तपासणीचं तंत्र याहून सोपं. सकाळी ऊन कोवळं असताना जायचं. पेटीच्या दाराशी उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. दोन-तीन फुंकर धूर द्यायचा. माशांना वाटतं आग लागली, त्या पोटभर मध पिऊन घेतात आणि भरल्या पोटी भांडत नाहीत, जसे आपण पंगतीनंतर. मग एकेक चौकट सरळ वर उचलायची, पाहायची, सरळ खाली सोडायची. राणी शोधत बसायचं नाही. पोळ्यातल्या एखाद्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढं अंडं उभं दिसलं, की समजायचं राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत होती. तेवढं पुरतं. आमचे जुने साहेब म्हणायचे, "बाळंतिणीच्या खोलीत जास्त वेळ बसू नये." मी हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं. पाळलं किती, ते पुढे येईलच.

चुका खूप केल्या. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात एका शेतकऱ्याची पेटी दर आठवड्याला उघडून पाहिली. पाचव्या आठवड्याला माशांनी घर सोडलं. त्या शेतकऱ्याने मला रिकामी पेटी दाखवली आणि एवढंच म्हणाला, "तुमी रोज कोनाच्या घरी असे जाता का हो?"

अंजनगाव सुर्जीचे रशीदभाई मात्र माझ्या चुकीवर मनापासून हसले. त्यांची संत्र्याची बाग होती आणि बागेच्या कडेला केळीचा लहानसा पट्टा. आंबिया बहाराच्या दिवसांत तिथे गेलं की संत्र्याच्या फुलांचा वास इतका दाट असायचा की मोपेड बंद करून दोन मिनिटं नुसतं उभं राहावंसं वाटे. आजही तो वास आठवला तर मी घरातल्या घरात थांबतो. रशीदभाईंचा नियम होता की पाहुण्याने आधी खायचं, मग काम. मी पोचलो की केळ्यांची फणी पुढे यायची.

"पहले केले खाओ साहब. मख्खियां कहीं भाग के नहीं जा रही."

मी तीन केळी खाल्ली आणि तशाच हाताने पेटी उघडली. माशी डंख मारते तेव्हा ती बाकीच्यांना धोक्याचा इशारा म्हणून एक वास सोडते. तो वास हुबेहूब पिकल्या केळ्याचा असतो. मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर गुणही मिळाले होते. झाकण उचललं आणि अकरा माशांनी मला घेरलं. मी संत्र्याच्या झाडांतून धावतोय, टोपी एका फांदीला अडकलेली, आणि मागून रशीदभाई ओरडतायत, "अरे साहब, ट्रेनिंग तुमी देता का आमी?" पुढची वीस वर्षं ते मला बघितल्याबरोबर घरात ओरडून सांगायचे, "केले अंदर रखो रे, माखीवाले साहब आ गए!" गेल्या वर्षी गेले बिचारे. मयतीला गेलो तेव्हा बाग तोडलेली होती, तिथे प्लॉट पडलेत.

अकोल्यात एका निवृत्त हेडमास्तरांकडे वेगळाच तंटा झाला. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते अकोलेकरांनाच विचारा. चैत्र लागला की खिडकीखिडकीत कूलर बसतो. माशांनाही तहान लागते आणि त्या एकदा पाण्याची जागा ठरवली की बदलत नाहीत. हेडमास्तरांच्या दोन पेट्यांनी शेजारच्या बाईंचा कूलर ठरवला. बाई कुंपणापाशी येऊन भांडायला लागल्या, "तुमच्या माशा आमचं पानी पिऊन राहिल्या!" हेडमास्तर म्हणाले, "पानीच पितात ना? कूलरसमोर झोपाले तं नाई येत?" प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा मला बोलावलं. मी पाण्याची पसरट कुंडी खडे घालून पेटीजवळ ठेवायला सांगितली, पण माशांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कूलर लागण्याआधी, होळीच्या सुमारास ती ठेवली असती तर उपयोग झाला असता. वरातीमागून घोडं. शेवटी पेट्या हेडमास्तरांच्या भावाच्या शेतात गेल्या. तेव्हापासून मी दरवर्षी होळीच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांना कुंडीची आठवण करून द्यायचो.

अशा चुका मी चारचौघांत हसत सांगतो. सांगितल्या की माणूस अनुभवी वाटतो. एक चूक मात्र मी कधी कोणाला सांगितली नाही. या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं की लिहीन तर तीच लिहीन, आणि लिहिण्याआधी जिला सांगायला हवी तिला जाऊन सांगीन.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. नांदगाव खंडेश्वरला एका घरात मी एक पेटी दिली होती. प्रशिक्षण घरधन्याने घेतलं होतं, तुरीच्या शेतात पेटी ठेवायची म्हणून. पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या पापणीवर माशी चावली, डोळा सुजला आणि त्याने पेटी परसात आणून निंबाखाली टाकून दिली. पुढच्या वेळी मी गेलो ते पेटी परत न्यायच्या तयारीने. उघडली तर आत माशा भरगच्च, पोळी पांढरीशुभ्र, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्यांचाही बंदोबस्त.

"हे कोणी केलं?"

घरधनी म्हणाला, "मंडळी पाह्यते. तिले शौक हाय."

मंडळी म्हणजे निर्मलाबाई. तेव्हा तिशीच्या आसपास, सहा-सात वर्षांचा एक मुलगा. आधी दाराआडून बोलायची. मी माशांबद्दल काही विचारलं की बाहेर यायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की ही बाई मला माहीत नसलेल्या गोष्टी सांगते. दुपारी कोणत्या वेळी माशा कोणत्या रंगाचे पराग आणतात, पाऊस येणार असला तर आवाज कसा बदलतो, नर कधी उडतात. मी एकदा विचारलं, "एवढं बघायला वेळ कधी मिळतो तुम्हाला?"

ती म्हणाली, "महिन्यातले चार दिवस भेटते ना भाऊ. कोनी काम सांगत नाई. इथंच निंबाखाली बसा लागते. मंग ह्यायच्याकडं पाहत बसते."

मी मान खाली घातली, कारण तेव्हा पुरुषाने अशा बोलण्यावर मान खाली घालायची असते असं आम्हाला वाटायचं. पण मला समजलं होतं. त्या घरात पाळी आलेल्या बाईने घरात वावरायचं नाही, स्वयंपाकाला, पाण्याला, लोणच्याला हात लावायचा नाही. ते चार दिवस ती परसात काढायची, आणि त्या चार दिवसांत ती माशा शिकली. पेटीला हात लावायची, वाट्यांत पाणी भरायची, झाकण उघडून बघायची. माशा कुठे बिघडल्या? उलट त्या फळत होत्या. माझ्या दोन जिल्ह्यांतली ती सगळ्यात चांगली पेटी होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मी तिला शब्द दिला, की पावसाळ्यानंतर माशांच्या आणखी दोन वसाहती देईन, आणि तालुक्यात बायकांचं प्रशिक्षण घेऊ तेव्हा शिकवायला तुम्ही यायचं. तिने हे सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "बाईमानूस शिकवते का कधी?" निर्मलाबाई म्हणाली, "त्यायच्या पेटीत तं सारा कारभार बायाच करतात." हे ती मला सांगत होती तेव्हा तोंडाला पदर लावून हसत होती. पुढच्या सगळ्या गोष्टी बाजूला ठेवल्या तर माझ्या नोकरीतला सगळ्यात छान दिवस तोच असावा.

त्या उन्हाळ्यात विभागातून मोठे साहेब पाहणीला आले. नमुना पेटी दाखवायची म्हणून मी त्यांना थेट नांदगावला नेलं. वैशाखातले अकरा वाजलेले, म्हणजे पेटी उघडायची वेळच नव्हे. सोबत दहा-बारा माणसं, एकाच्या हातात कॅमेरा. साहेब म्हणाले, "राणी दाखवा ना." मी म्हणायला हवं होतं, साहेब, राणी शोधायची नसते. त्याऐवजी मी बाही सरसावली. पाचव्या चौकटीवर राणी दिसली, काळसर, लांबट, तोऱ्यात चालणारी. सगळे वाकले, फोटो निघाला, कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. त्या टाळीने माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. चौकट सरळ खाली सोडायची ती मी तिरकी सोडली. शेजारच्या चौकटीला ती घासली, आणि बोटांना काहीतरी लागलं.

मी चौकट पुन्हा वर घेतली. राणी दोन लाकडांच्या मधे चिरडली होती. पाय हलत होते. साहेबांचं लक्ष तेव्हा कॅमेऱ्याकडे होतं. मी तिला दोन बोटांनी उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. निर्मलाबाई उंबऱ्यापाशी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तिने विचारलं, "सापडली का राणी?"

मी म्हणालो, "सापडली. मस्त आहे."

मी मनाची समजूत घातली, की यात काय, पेटीत कोवळ्या अळ्या आहेत, माशा नवी राणी करतील. एरवी केलीही असती. पण वैशाखात नर फार कमी असतात आणि बाहेर अंग भाजून काढणारं ऊन. मला हे ठाऊक होतं. मी तिला तेवढंच सांगितलं असतं, की बाई, राणी माझ्या हातून मेली, तीन आठवड्यांनी अंडी दिसतात का बघा, नाही दिसली तर निरोप पाठवा, तर ती बाई डोळ्यांत तेल घालून बसली असती आणि मी शेजारच्या गावातून चौकट आणून दिली असती. पेटी वाचली असती. मी सांगितलं नाही. म्हणून माझी खरी चूक चौकट तिरकी सोडण्याची नाही, कारण तशी कोणाच्याही हातून सुटू शकते.

दुसऱ्याच आठवड्यात मला निवडणुकीच्या कामाला लावलं आणि मी नांदगावला गेलो तो एकदम दीड महिन्याने. परसात पाऊल टाकलं तेव्हाच कळलं, कारण आवाज नव्हता. पेटी उघडली. पोळ्यांवर मेणअळीची जाळी धरली होती, कोपऱ्यात मूठभर माशा, त्याही जागच्या न हलणाऱ्या. घरधनी बाजूला उभा होता. सासू पायरीवर बसली होती, आणि निर्मलाबाई निंबाला टेकून, माझ्या तोंडाकडे बघत.

सासू म्हणाली, "मी म्हनतच होते. हे बाजूले बसेल असतानी पेटीले हात लावे. हजार डाव सांगतलं. विटाळ काय मानसालेच कळते का? मुक्या जीवाले जास्त कळते." मग माझ्याकडे वळून, "तुमी शिकेल-सवरेल मानूस. तुमीच सांगा साहेब, असं होते का नाई?"

घरधनीही माझ्याकडे बघायला लागला. दोन वाक्यांचं काम होतं. राणी मी मारली. हिचा काही दोष नाही. ती दोन्ही वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती, हे मी शपथेवर सांगतो. आणि त्या क्षणी मला मोठे साहेब आठवले, तो फोटो आठवला, नमुना पेटी म्हणून मी पाठवलेला अहवाल आठवला. मी म्हणालो, "माशी फार स्वच्छ असते, आजी. तिला अस्वच्छता चालत नाही."

हे वाक्य खोटं नाही. आमच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर ते छापलेलं असायचं. पण खोट्यापेक्षा वाईट अशीही वाक्यं असतात.

सासू म्हणाली, "ऐकलं?" निर्मलाबाईने पेटीच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या एकेक उचलल्या, पाणी निंबाला ओतलं आणि आत गेली. मी रिकामी पेटी मोपेडला बांधून घेऊन आलो. त्या घरात पुन्हा पेटी दिली गेली नाही, बायकांच्या प्रशिक्षणात शिकवायला दुसरं कोणीतरी आलं, आणि मी नांदगावला गेलो की तो रस्ता टाळायला लागलो.

पण माझं वाक्य मला टाळत नव्हतं. दोन-तीन वर्षांनी कौंडण्यपूरच्या जत्रेत आमचा स्टॉल होता. मधाच्या बाटल्या मांडून एक बाई शेजारणीला सांगत होती, "त्या चार दिवसांत पेटीजवळ जाऊ नाई. माशा घर सोडतात. माशीवाल्या साहेबानंच सांगतलं." तो साहेब तिच्यापासून चार हातांवर उभा होता. मी तिथल्या तिथे तिला समजावलं, की असं काही नसतं. ती माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, "तुमी नवीन हाय का?" त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षणात मी स्पष्ट सांगायला लागलो, की पाळीचा आणि माशांचा काही संबंध नाही. बायका लाजायच्या, पुरुष खाकरायचे, पण मी सांगायचो. शंभर ठिकाणी सांगितलं असेल. जिथे सांगायला हवं होतं ते घर सोडून.

या मार्चमध्ये गेलो. एसटीने गेलो, मोपेड कधीच विकली. घर तेच, समोर आता टाइल्स लावलेल्या. निर्मलाबाईने मला लगेच ओळखलं. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. "माशीवाले भाऊ! बसा, बसा." घरधनी लकव्याने अंथरुणाला खिळलेला, आतल्या खोलीत. सासू जाऊन नऊ वर्षं झाली, असं तिने सांगितलं. मुलगा अमरावतीला कामाला, सून घरीच असते. सून परसदाराच्या पायरीवर बसली होती. नाव पूजा. मला बघून ती पाणी द्यायला उठली, तशी निर्मलाबाई म्हणाली, "तू राहू दे. मी आनते."

पूजा पुन्हा पायरीवर बसली. तिच्या शेजारी वेगळा तांब्या आणि वेगळं ताट उपडं घातलेलं होतं. निर्मलाबाईने आणून दिलेला ग्लास माझ्या हातात जड झाला.

मी फार पाल्हाळ लावलं नाही. निंबाखालची पेटी आठवते का, विचारलं. ती म्हणाली, "न आठवाले काय झालं?" मग मी सांगितलं: साहेब, फोटो, तिरकी चौकट, सदऱ्याचा खिसा. "राणी माझ्या हातून मेली होती. तुमच्या हाताने काही झालं नव्हतं. मला त्याच दिवशी ठाऊक होतं."

तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"सासूबाई इचारत होत्या, तवा तुमी समोर होते," ती म्हणाली.

"होतो."

"तवा काहून नाई सांगतलं?"

"भ्यालो."

"कोनाले? बुढीले?"

"नाही. साहेबांना."

"अन् मी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी तं खरं मानलं ना भाऊ. मले वाटलं, एवढा शिकेल मानूस खोटं काहून बोलन. मी ज्या माशा जीव लावून पोसल्या, त्या माह्याच हातानं मेल्या, असं मी इतके वर्षं मानत आली. लोनच्याले हात नाई लावला. तुळशीले नाई लावला. ते तं ते." तिने परसदाराकडे पाहिलं. "हे पोरगी लग्न होऊन आली तवा म्हने, आई, आमच्या घरी असं काई पाळत नाई. मी तिले काय सांगतलं ठाऊक हाय? माशांचं सांगतलं. म्हनलं, माह्या डोळ्यानं पाह्यलं मी, साहेबानं सोता सांगतलं. चार वर्षांपासून ते दर महिन्याले तिथं बसून राहिली."

मी नुसतेच हात जोडले असावेत, नीट आठवत नाही. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"सासूबाई तं आता नाईत," ती म्हणाली. "त्यायले सांगता येत नाई तुमाले." मग मान वळवून तिने हाक मारली, "पूजा, इकडे ये."

पूजा पायरीवरून उठून दारापर्यंत आली आणि चौकटीबाहेर थांबली.

"आत ये."

"आई, मी..."

"ये म्हनलं ना."

पूजा आत आली, भिंतीला लागून उभी राहिली. निर्मलाबाई माझ्याकडे वळली. "आता हिले सांगा. पयल्यापासून सांगा. अन् ते स्वच्छतेचं बी सांगा, जसं म्हनले होते तसंच."

मी पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, ते जास्त कठीण गेलं, कारण ती मुलगी माझ्याकडे न बघता सगळा वेळ सासूकडे बघत होती. माझं सांगून झालं तरी ती तशीच उभी होती.

निर्मलाबाई तिला म्हणाली, "जा, आत जाऊन च्या ठेव."

पूजा हलली नाही. "मी ठेवू?"

"हो, तूच. साखर वरच्या डब्यात हाय."

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. निर्मलाबाई तो ऐकत बसली होती. मी उठायला लागलो तशी म्हणाली, "बसा. तुमाले माफ केलं असं समजू नका भाऊ. पन च्या पिऊन जा."

मी बसलो. चहा पूजाने आणला.